सावनीची एकादशी

एकादशीच्या संध्याकाळी सुनेची डब्याची पिशवी धुवायला घेतली, तर तळाशी बिस्किटांचा रिकामा पुडा निघाला.

मी तो कचऱ्यात टाकला, पिशवी धुतली, दोरीवर वाळत घातली. बोलले काहीच नाही. मी कधी आवाज चढवत नाही. पण माझं गप्प बसणं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे.

सावनीला लग्न होऊन आमच्या देशपांडे नगरच्या घरी येऊन दहा महिने झाले. धारवाडला कॉलेजात शिकवते. आल्या आल्या स्वतःहूनच म्हणाली होती, "आई, मीही तुमच्याबरोबर एकादशी करते." आमच्याकडे त्या दिवशी शेगडीच पेटत नाही. साबुदाणा नाही, रताळं नाही, चहासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून पारणं, तेव्हाच काय ते तोंडात जायचं. मी एकतीस वर्षं करते आहे. सावनीचं मात्र दुपारपासून डोकं धरायचं, संध्याकाळी उलटी व्हायची, आणि रात्री मुकुलशी खोलीत वाद. मला वाटायचं, श्रद्धा कमी पडते. हळूहळू जमेल. आणि आता हा पुडा.

मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी मुकुल जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "आई, आम्ही उणकलला एक घर बघतोय. तळ्याजवळ आहे. सावनीला धारवाडची बसही सोयीची पडेल."

मुकुलचे वडील गेल्यापासून हे घर म्हणजे मी आणि मुकुल. सावनी आली तेव्हा वाटलं होतं, आता तिघं. आणि एका वर्षाच्या आत हे.

मला एकच सुचलं. हिला उपास झेपला, तर घरातलं हे अवघडलेपण जाईल आणि दोघं इथेच राहतील. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सावनीला कमरीपेठेत मंजुनाथ वैद्यांकडे नेलं. त्यांची घरची भाषा कानडी, पण पेठेत वाढल्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलतात, फक्त आदराचं कानडी 'री' मधूनमधून येतं. शेवग्याच्या शेंगेसारखे बारीक, आणि एका जागी बसणं म्हणून नाही.

"वैद्यबुवा, हिला एकादशी सोसेल असं काहीतरी औषध द्या," मी म्हटलं.

"बसा री, आधी बसा. माझा चष्मा कुठे गेला?"

"कपाळावर आहे," सावनी म्हणाली.

त्यांनी तिची नाडी बघितली, जीभ बघितली. मग प्रश्न सुरू केले. ऊन सोसतं का, घाम किती येतो, तिखट चालतं का.

"जेवायला उशीर झाला तर काय होतं?"

"पोटात जळजळतं. डोकं उठतं."

"राग येतो?"

सावनीने माझ्याकडे चोरून बघितलं. "ते मुकुलला विचारावं लागेल."

वैद्यबुवा मोठ्यांदा हसले. मग माझ्याकडे वळले. "अक्का, तुमचाही हात द्या."

"मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच बघतो." त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले. तेवढा वेळ काय तो हा माणूस स्थिर. "दुपारचं जेवण चुकलं तर तुम्हाला काय होतं?"

"काही नाही. कामात असले तर आठवतसुद्धा नाही."

"एकतीस वर्षांत एकादशी कधी जड गेली?"

"कधीच नाही!" मी अभिमानानेच म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर माझं मलाच ते कानात राहिलं.

"वात, पित्त, कफ तिन्ही सगळ्यांत असतात," ते सांगू लागले. "प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं, आणि ते जन्मापासूनचं. माझ्यात वात जास्त. वाऱ्यासारखा, कोरडा, सारखा हलता. मी एक दिवस उपाशी राहिलो तर झोप उडते, हातपाय कापतात. तुमच्यात कफ. कफ म्हणजे काय, आपलं उणकलचं तळं बघा. पंधरा दिवस पाऊस नाही पडला तरी त्याला काय फरक? गार, भरलेलं, शांत. तुम्हाला उपास मानवतो, अंग हलकं होतं. आणि ही पोरगी पित्ताची. हिच्या पोटातली शेगडी मोठी. पेटत्या शेगडीवर भांडं ठेवलं नाही, तर काय जळेल?"

"मग औषध?" मी विचारलं.

"वेळेवर जेवण. एकादशीला सकाळी दहाच्या आत मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. व्रत करायचंच असेल तर तिने त्या दिवशी राग सोडावा."

"त्यापेक्षा निर्जळी सोपी!" सावनी पटकन म्हणून गेली, आणि जीभ चावली.

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मग मी इतकी वर्षं केलं ते काय होतं?"

"ते तुमच्या देवाला विचारा री. मी नाडी बघतो." मग ते हळू आवाजात म्हणाले, "कफाच्या माणसांना उपाशी राहणं जड नसतं, अक्का. त्यांना सोडणं जड. वस्तू असो, माणूस असो, मनातली गोष्ट असो, धरली की धरली."

परतताना रिक्षा केली. बाजार मागे पडल्यावर सावनी म्हणाली, "आई, गेल्या एकादशीला मी बिस्किटं खाल्ली. स्टाफरूममध्ये, चोरून."

"मला माहीत आहे."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत? इतके दिवस मी जीव मुठीत धरून वावरतेय! रागावला असतात तर एकदाचं संपलं असतं."

"मला रागावता येत नाही गं."

"येतं," ती म्हणाली. "तुम्ही फक्त तो संपवत नाही."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. मी विचारलं, "उणकलचं घर त्या बिस्किटांपायी बघताय?"

"नाही हो. बस, मुकुलचं ऑफिस, सगळंच आहे." मग ती कसनुसं हसली. "थोडंसं बिस्किटांपायीही."

पुढचे दिवस मी रोज पूजेला बसले की मनात तेच यायचं. जे मला कधी जड गेलंच नाही, ते मी एका मुलीच्या श्रद्धेचं माप म्हणून वापरलं होतं.

पुढची एकादशी उजाडली. स्नान झालं, पूजा झाली, तुळशीला पाणी घातलं. मग देवासमोर हात जोडून म्हटलं, आज शेगडी पेटवते आहे, तू बघतोच आहेस. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा एकादशीला कुकर लावला.

सावनी साडीच्या निऱ्या सावरत स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. "आई, आज एकादशी आहे!"

"माझी आहे. तू जेवायला बस. उशीर झाला तर बस चुकेल."

मी तिला भात वाढला, वरण घातलं, वर तुपाची धार सोडली. गरम भातावर तूप विरघळलं, आणि तो वास घरभर झाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. मी ओट्याला धरून उभी राहिले.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही गं. मला भूक लागलीय."

सावनीने घास हातात धरूनच माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. मीही हसले. मुकुल टॉवेल खांद्यावर टाकून धावत आला. "कुणाला काय झालं?"

"आईंना उपास लागला!" सावनी म्हणाली.

सगळा दिवस मला भूक लागत राहिली. जप करताना लक्ष भाताकडे जायचं, मी ते ओढून परत आणायची. इतकं खरं व्रत मी पूर्वी केलं नव्हतं.

संध्याकाळी सावनी घरी आली. डोकं उठलेलं नव्हतं. उद्याच्या पारण्याची भाजी निवडायला माझ्यासमोर बसली, आणि मीच विषय काढला. "त्या घराचं स्वयंपाकघर कसं आहे गं?"

ती जरा घाबरली. "खिडकी तळ्याकडे आहे. पण आई, अजून काही पक्कं नाही. तुम्ही नको म्हणालात तर..."

"मी नको म्हणत नाही," मी म्हटलं. हातातली जुडी खाली ठेवली. "रविवारी मलाही दाखवा. देवघराला जागा कुठे निघते ते मला बघू दे. आणि एक ऐकून ठेव. तिकडे राहायला गेलात तरी दर एकादशीला दहाच्या आत माझा फोन येणार."

"उपास केला का ते विचारायला?"

"जेवलीस का ते विचारायला."