अकराव्या फर्म्याची गिरकी

पावणेआठला मुकादमबाईंनी बाइंडिंगखान्याचं कुलूप काढलं, किल्ली खुंटीला लावली आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. आधी गल्लीकडची, मग मागची. उलट क्रमाने उघडल्या तर वारा थेट टेबलावर येतो आणि कागद खोलीभर होतात. खळीच्या पातेल्यावर धरलेली साय त्यांनी पळीने काढून टाकली, खळ ढवळली, दोन बोटांत धरून तिची तार पाहिली. दाबयंत्रातून कालची पुस्तकं सोडवली. मग लांबलचक टेबलाभोवती फिरून सोळा फर्म्यांचे सोळा ढीग एकेक करून ठोकून सरळ केले. फर्मा म्हणजे छापून आणि दुमडून आलेला सोळा पानांचा जुडगा. असे सोळा क्रमाने एकावर एक आले की एक पुस्तक. शेवटी त्यांनी ॲप्रन चढवला, पाठीमागे बंदांची दुहेरी गाठ मारली आणि आपल्या उजव्या गुडघ्याला म्हणाल्या, "आजचा दिवस काढ, बाबा. उद्यापासून तुला पेन्शन."

उद्यापासून त्या खिडकीपाशी बसून शिवण घालणार होत्या, आणि चौतीस वर्षं त्या ज्या फेऱ्यात चालल्या त्याच्या पुढे आता त्यांची भाची चालणार होती.

फेरा म्हणजे जुळणीचा फेरा. सहा बायका एकीमागे एक टेबलाभोवती चालायच्या, डावा हात पोटाशी, उजव्याने प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलायचा. एक फेरा पुरा झाला की प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक. क्रम चुकू नये म्हणून एक गाणं होतं, ढिगागणिक एक ओळ: "पहिला उचल, पाठीला पाठ, दुसरा उचल, मान कर ताठ." अशा सोळा ओळी, दोन-दोन यमकात बांधलेल्या. यमक फक्त एकाच ठिकाणी मोडायचं, अकरावीला. टेबलाच्या कोपऱ्यावरच्या अकराव्या ढिगापाशी आल्यावर सहाही जणी पाळीपाळीने "अकरावा उचल, अगं बाई गं!" असं म्हणायच्या आणि जागच्या जागी डावीकडून एक पूर्ण गिरकी घ्यायच्या. मग "बारावा उचल, ठेव नीट थर" म्हणत काही घडलंच नसल्यासारख्या पुढे जायच्या.

भाचीचं घोडं अडलं होतं ते याच गिरकीवर.

"मामी, बाकी सगळं तुझ्यासारखं करते," आल्या आल्या तिने पुन्हा सुरुवात केली. ही मुकादमबाईंच्या नणंदेची मुलगी. वय सव्वीस, हात चलाख, जीभ त्याहून चलाख. "खिडक्या तुझ्या क्रमाने उघडीन. खळीची तार बघीन. गुडघ्याशी गप्पासुद्धा मारीन. पण गिरकी कशाला, ते सांग. कारण सांग, गिरकी घेते. नाही सांगितलंस, तर उद्यापासून सरळ चालायचं."

"शंभरदा सांगितलंय. दिवसभर एकाच बाजूने फिरायचं म्हणजे डोक्यात भोवळ साचते. उलटी गिरकी घेतली की ती उलगडते. दोरीचा पीळ काढतो तसं."

"मग नवव्याला का नाही साचत? आणि गिरकी घेतल्यावर मला जास्तच गरगरतं, त्याचं काय?"

"तुझं डोकं मुळातच रिकामं. वारा फिरत असेल," मुकादमबाई म्हणाल्या, आणि रांगेतली एक, जिला सगळ्या हसरीच म्हणत, फिसकन हसली. हसरीला हसू यायला कारण लागत नसे. आज तर मिळालं होतं.

मुकादमबाई मात्र मनातून अस्वस्थ झाल्या. भोवळीची गोष्ट त्यांना कोणी सांगितली हे त्यांना आठवत नव्हतं. आणि आठवत नव्हतं म्हणूनच ती फार जुनी असणार, अशी त्यांची इतकी वर्षं खात्री होती. उद्या ही पोर सरळ चालायला लागली तर गिरकी आठवड्यात संपेल. गुडघा गेला तर गेला, गिरकीही आपल्याबरोबर जावी, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. अकरावा ढीग जवळ आला की अजूनही त्यांच्या पोटात झोक्यावर बसल्यासारखं व्हायचं.

दहाच्या सुमारास मालक इस्त्रीच्या शर्टात अवतरले. मागोमाग संग्रहालयातल्या बाई आल्या, गळ्यात कॅमेरा, हातात वही. शहरातल्या जुन्या कारागिरीची त्या नोंद करत होत्या, आणि बाइंडिंगखान्यातलं गाणं चित्रित करायला मालकांनीच त्यांना बोलावलं होतं. सगळ्यांच्या शेवटी, काठी टेकत, थोरल्या बाई आल्या. मुकादमबाईंच्या आधी फेरा त्या चालवायच्या. वय ब्याऐंशी, दात शाबूत, कान शाबूत, आणि लाज म्हणाल तर त्यांच्याच शब्दांत "सत्तरीला परत करून टाकली."

"मी बसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाचा."

फेरा सुरू झाला. कॅमेऱ्यापुढे असल्यामुळे की काय, सहाही जणींच्या अंगात वारं भरलं होतं. पहिला फेरा झोकात झाला. दुसऱ्या फेऱ्याला मालक ताल धरायला लागले. तिसऱ्याला "अगं बाई गं!" इतक्या जोरात झालं की समोरचा चहावाला दारात येऊन उभा राहिला. सहा ॲप्रन एकापाठोपाठ गोल फुलले आणि मिटले. मुकादमबाईंना वाटलं, बघितलंस ना, पोरी? याला आणखी कारण काय हवं?

संग्रहालयातल्या बाईंनी कॅमेरा खाली केला. त्यांचे गाल लाल झाले होते. "विलक्षण आहे हो! आणि मुख्य म्हणजे ही अकरावी ओळ. सगळीकडे यमक, हिच्यापाशीच मोडतं. म्हणजे ही बाकीच्या गाण्याहून जुनी असणार. कदाचित एखादी आळवणी. ‘बाई’ म्हणजे कोण? कुणी देवता?"

"आमच्या आजोबांची रचना," मालक ताबडतोब म्हणाले. "अकरा हा त्यांचा आवडता आकडा होता."

"भोवळ उलगडते," मुकादमबाई म्हणाल्या.

"बघा!" भाची म्हणाली. "एक गिरकी, तीन कारणं. जिथे तीन कारणं असतात तिथे एकही नसतं."

कोपऱ्यातून घोगरं हसू ऐकू आलं. थोरल्या बाई काठीवर हनुवटी टेकून खदखदत होत्या.

"देवता!" त्या म्हणाल्या. "अगो, ती देवता म्हणजे मी. आणि आळवणी खिळ्याला होती."

"कुठल्या खिळ्याला?" संग्रहालयातल्या बाईंनी पेन सरसावलं.

"त्या कोपऱ्यात एक खिळा वर आलेला होता. माझ्या ॲप्रनचा बंद त्यात अडकला. मी ओरडले ‘अगं बाई गं!’ आणि गर्रकन फिरून बंद सोडवला. एवढंच." त्यांनी काठी मुकादमबाईंवर रोखली. "ही त्या दिवशी नवी लागलेली. माझ्या मागे. मी तिला सांगितलं होतं, गाणं येत नाही तोवर पुढची करते ते तंतोतंत करायचं. हिने केलं! ओरडली, फिरली. हिच्या मागची पण नवीच, तीही फिरली."

मुकादमबाईंना तो दिवस स्वच्छ दिसला: नवा करकरीत ॲप्रन, पुढे थोरल्या बाईंची पाठ, आणि अचानक ती पाठ गर्रकन फिरली तेव्हा मनात आलेला एकच विचार, अरे देवा, हेही शिकायचं आहे.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" त्यांचा आवाज बारीक निघाला.

"मला वाटलं, तुझाही बंद अडकला. पुढच्या फेऱ्याला तू पुन्हा फिरलीस. म्हटलं, पोरीला हौस असेल. तीन दिवस मी एकटी सरळ चालत होते आणि मागे पाच जणी गरगरत होत्या. चौथ्या दिवशी मलाच लाज वाटायला लागली. मग मीही फिरले."

"म्हणजे पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात," भाची दम खात म्हणाली, "आणि आपल्याकडे पुढच्यास ठेच, आणि मागच्या सगळ्या लंगड्या!"

मग कोणी कोणाला आवरायचं हा प्रश्नच उरला नाही. हसरी टेबलाखाली बसली. मालक "पण आजोबा..." एवढंच म्हणू शकले आणि खळीच्या पातेल्यात कोपर बुडवून बसले. संग्रहालयातल्या बाई डोळे पुसत होत्या आणि वहीतली ‘देवता’ खोडत होत्या. मुकादमबाईही हसल्या, अगदी पाणी येईपर्यंत. त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, पण तेवढ्या गोंधळात ते कोण मोजणार?

"मूळ ओळ काय होती?" संग्रहालयातल्या बाईंनी विचारलं.

"‘अकरावा उचल, चाल भरभर,’" थोरल्या बाई म्हणाल्या, आणि हसरी, जी नुकतीच उठली होती, पुन्हा खाली बसली.

"झालं तर!" भाची म्हणाली. "बाराव्याच्या ‘थर’शी यमकसुद्धा जुळतंय. चला, एक फेरा जुना. सरळ. भरभर."

रांग लागली. आज पहिल्यांदाच भाची पुढे, तिच्यामागे मुकादमबाई. दहा ढीग सुरळीत गेले. अकराव्याला भाचीने "चाल भरभर" म्हणून पाऊल टाकलं. पण मुकादमबाईंचं शरीर चौतीस वर्षांचं ऐकणारं, ते फिरलं. मागची सरळ आली ती त्यांच्या कुशीत. तिच्या मागची अर्धी फिरून थांबली. हसरी फिरायचं नाही हे आठवून उलट्या बाजूने फिरली. पुढे निघालेली भाची आवाज ऐकून वळली, आणि वळता वळता तिचीही एक पूर्ण गिरकी झाली. सहाही जणींच्या हातातले फर्मे टेबलावर, टेबलाखाली आणि चहावाल्याच्या पायांपाशी पसरले.

"हे मात्र," संग्रहालयातल्या बाई कॅमेऱ्याआडून म्हणाल्या, "मी पूर्ण घेतलंय."

फर्मे क्रमाने लावायला दुपार गेली. भाची जमिनीवर बसून आकडे जुळवत होती आणि मधूनच तिच्या तोंडून हसू फुटत होतं. जाता जाता ती मुकादमबाईंपाशी थांबली.

"मामी, रागावलीस?"

"नाही गं. तू कारण मागितलंस, थोरल्या बाईंनी दिलं."

"ते कारण नाही, अपघात आहे. आणि आता तर खिळाही नाही."

"हो ना," मुकादमबाई म्हणाल्या. "आता खिळाही नाही."

सगळ्या गेल्यावर त्या कोपऱ्यापाशी वाकल्या. टेबलाची पट्टी कधीतरी बदलली होती, पण पायाच्या डोक्यावर छिद्र होतं, वर्षानुवर्षांच्या सुकलेल्या खळीने बुजलेलं. त्यांनी नखाने थोडी खळ खरवडली आणि बराच वेळ त्या छिद्राकडे पाहत राहिल्या. आपण चौतीस वर्षं एका खिळ्याला चुकवत होतो. आणि त्या खिळ्याने आपल्याला रोज किती वेळा हसवलं, याचा विचार करता करता त्यांना पुन्हा हसू आलं. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. भोवळीची गोष्ट सांगून तिला फिरवायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. द्यायचं तर खरं कारण द्यायचं. मग घ्यायचं की नाही, ते ती बघेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावणेआठऐवजी साडेसातलाच कुलूप काढलं. आधी गल्लीकडची खिडकी, मग मागची. खळ ढवळली. मग पिशवीतून घरची हातोडी काढली आणि एक पितळी खिळा, गोल डोक्याचा. छिद्रात तो ठेवून चार हलके घाव घातले. आपल्या ॲप्रनचा बंद त्यावरून दोनदा ओढून पाहिला, अडकला नाही. डोकं फडक्याने पुसलं, हातोडी पिशवीत ठेवली, ढीग ठोकून सरळ केले.

भाची आली तेव्हा खिडकीतलं ऊन नेमकं त्या कोपऱ्यावर होतं. तिने खिळ्यावरून बोट फिरवलं आणि मामीकडे पाहिलं. मुकादमबाई सुईत दोरा ओवत होत्या. एवढा वेळ त्यांना दोरा ओवायला कधी लागत नसे.

"अडकत नाही हा," भाची म्हणाली.

"नाही अडकत."

भाचीने ॲप्रनची गाठ घट्ट केली आणि रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली. "पहिला उचल, पाठीला पाठ," तिने सुरू केलं. मुकादमबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी पहिला टाका घातला, दोरा ओढला आणि ओळी मोजत राहिल्या. दहावा ढीग झाला. पावलं कोपऱ्यापाशी आली, क्षणभर रेंगाळली.

"अगं बाई गं!" भाची म्हणाली, आणि तिच्या ॲप्रनचा वारा खिडकीपर्यंत आला.