ब्रास लँटर्न्सच्या पायांखालची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे; तेव्हा मित्रांनो, पुढे येण्यापूर्वी चपला दाराशी काढा, पाय पुसा आणि ताठ बसा. मी कोणतीही गोष्ट दोनदा सांगत नाही.

माझा जन्म १९५१ साली एका कारागृहात झाला. हसण्याचे कारण नाही. चार कैद्यांनी मला मागावर विणले आणि त्या चौघांच्या हातांत जी शिस्त होती ती पुढे मला मोठमोठ्या सद्गृहस्थांच्या बुडाखालीही आढळली नाही. निळे व तांबडे पट्टे, काठाला पांढरे त्रिकोण, बारा हात लांबी आणि आठ हात रुंदी. झाशीच्या मराठी मंडळासाठी मला घ्यायला कुसुमावतीबाई स्वतः आल्या होत्या. पेशवाईत कारभारासाठी इकडे आलेल्या आणि इथेच मुरलेल्या घराण्यातल्या त्या बाई. त्यांनी मला उलटे करून तळहाताने चाचपले आणि म्हणाल्या, "एक जरी गाठ लागली असती, तरी परत धाडली असती." गाठ लागली नाही.

कुसुमावतीबाईंनी माझ्यासाठी दोन नियम घातले. सतरंजीवर पादत्राण येणार नाही. आणि सतरंजी मंडळाबाहेर गेली, तर घरचे एक माणूस तिच्याबरोबर जाईल व तिच्याबरोबरच परत येईल. बावीस वर्षे हे नियम कोणी मोडले नाहीत. माझ्यावर गणपती बसले, मुंजी लागल्या, हळदीकुंकू झाले, कीर्तनकार उभे राहिले. कलेक्टरसाहेब आले, त्यांनीही मुकाट्याने बूट काढले.

मग आले १९७३ साल.

ब्रास लँटर्न्स हे नाव तुम्ही ऐकले नसेल. त्या काळी ऐकले नसते, तर तुम्हांला कोणी तरुण म्हटले नसते. कलकत्त्याचे चौघे रॉक वाजवणारे होते. मानेवर केस, बेंबीपर्यंत माळा. दिल्लीहून मुंबईला निघालेली त्यांची गाडी पुढे मालगाडी घसरल्यामुळे झाशीत अडकली. रेल्वेच्या लोकांनी त्यांना आपल्या क्लबात नेले आणि दुपारी चार वाजता वाजवा म्हणून गळ घातली. पण क्लबाची फरशी नाचासाठी घोटून गुळगुळीत केलेली. ड्रमवाल्याने एक ठोका मारताच त्याचा ड्रम हातभर पुढे सरकला. "नीचे कुछ मोटा बिछाइए," तो म्हणाला. आणि शहरात मोठे व जाड असे जे काही होते, ते मीच होते.

कुसुमावतीबाई तापाने अंथरुणात होत्या. त्यांनी धाकटे दीर आबासाहेब आणि अठरा वर्षांची मुलगी अनुसूया अशी दोन माणसे माझ्याबरोबर पाठवली. आबासाहेब क्लबाच्या दारातून आत शिरले आणि पत्त्यांचे टेबल दिसताच तिथेच राहिले. पुरुषांच्या जबाबदारीची लांबी मी त्या दिवशी मोजली: सात पावले.

मला अंथरले. दीडशे खुर्च्या भरल्या. चौघे आले आणि उंच टाचांच्या बुटांनिशी सरळ माझ्यावर चढले. दीडशे माणसांत एकालाही काही वाटले नाही. तेवढ्यात अनुसूया उठली, पदर खोचला आणि थेट पुढे आली.

"जूते उतारिए."

गिटारवाल्याला वाटले, सही हवी असेल. "क्या, मॅडम?"

"जूते. इस पर हमारे गणपति बैठते हैं."

"सबके?"

"सबके. ड्रमवाले भैया के भी."

ड्रमवाला कळवळला. "अरे बहनजी, बिना जूते के पॅडल कैसे मारूँ?"

"पैर तो हैं न आपके पास?"

सभागृह हसले. गिटारवालाही हसला आणि खाली बसून बुटाचे बंद सोडू लागला. चौघांचे आठ बूट तिने भिंतीशी ओळीने लावले. एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तेव्हा तिने मोजेही काढायला लावले.

त्यांचे गाणे मला आवडले, असे मी म्हणणार नाही. मी अभंगांवर वाढलेली. परंतु मी पाय ओळखते. भाषणे ठोकणाऱ्यांचे पाय मी सोसले आहेत. वर देशसेवा चालते आणि खाली बोटे चुळबुळतात. त्या चौघांचा एकही पाय त्या दीड तासात माझ्यावर खोटा पडला नाही. गिटारवाल्याची डावी टाच ठेका धरून होती आणि तिच्या घामाने माझा एक तांबडा पट्टा ओला झाला. माझ्या काठावर, नियमाप्रमाणे माझ्याबरोबर, अनुसूया बसली होती. गुडघे मिटून, हात मांडीत. तिचा उजव्या पायाचा अंगठा दीड तास माझ्यावर ताल देत होता. ते माझ्याखेरीज कोणाला कळले नाही.

घरी आल्यावर आबासाहेबांनी सगळे सांगितले, फक्त पत्ते गाळून. कुसुमावतीबाई उशीवरून उठून बसल्या. "बूट काढायला लावलेस ते योग्यच केलेस. पण लग्नाची मुलगी त्या केसाळ लोकांसमोर उभी राहिली, हे या उंबरठ्याबाहेर जाणार नाही." गेले नाही. क्लबातली रेल्वेची कुटुंबे हळूहळू बदलीवर गेली, काही साता समुद्रापार गेली. ब्रास लँटर्न्स दोन वर्षांनी फुटले आणि फुटल्याबरोबर थोर झाले.

थोर झाले, तसे झाशीत त्यांना ऐकलेल्यांची संख्या वाढू लागली. खुर्च्या दीडशे होत्या. ऐकणारे प्रथम पाचशे झाले, मग हजार. माझ्या ओळखीतला प्रत्येक टक्कल पडलेला गृहस्थ त्या दिवशी पहिल्या रांगेत होता. एवढी रुंद पहिली रांग झाशीच्या किल्ल्यातही मावली नसती.

पुढे मंडळाने प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. पाठीला घाम आणणारी ती लाल कार्टी आली आणि मला कूलर झाकायला गच्चीवर टाकले. उन्हापावसात माझे त्रिकोण विटले, उंदरांनी एक कोपरा खाल्ला. अध्यक्ष म्हणाले, "आता जमिनीवर कोण बसतो?" गुडघे गंजलेल्या माणसाने अंथरणाला दोष द्यावा, यात नवल नाही. अखेर अनुसूयेनेच मला प्रेमनगरच्या आपल्या घरी नेले, धुतले, कोपरा शिवला आणि बैठकीत अंथरले. खोली लहान, म्हणून माझी एक बाजू गुंडाळलेली असते.

आता तिच्या यजमानांविषयी. नीलकंठराव नगरपालिकेतून निवृत्त झालेले. मुलगी पाहायला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी स्वतःची ओळख करून दिली होती: "मी ब्रास लँटर्न्स प्रत्यक्ष ऐकले आहेत, या झाशीत." अनुसूया "हो का?" एवढेच म्हणाली. लग्नानंतर एके दिवशी मंडळाच्या गच्चीवर सासूबाई माझ्यावर पापड वाळत घालताना सहज बोलल्या, "त्या साली नीलकंठाला कावीळ झाली होती. महिनाभर समथरला मामाकडे ठेवला होता. गाणारे आले, ते हुकले म्हणून रडला होता पोर." अनुसूयेने पुढचा पापड घातला आणि गप्प राहिली. ती सेहेचाळीस वर्षे गप्प राहिली. नवऱ्याची फजिती होऊ नये म्हणून स्वतःच्या आयुष्यातली एक दुपार तिने त्याला वापरायला दिली आणि त्या शहाण्याने ती मळवून टाकली.

दर रविवारी सकाळी ही मैफल भरे: नीलकंठराव, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मार्तंडराव आणि विमा विकणारे विद्याधर. चहा, पोहे आणि थापा. गेल्या वर्षी त्या कार्यक्रमाला पन्नास वर्षे झाली. नात वसुंधरा कॉलेजात जाते. मराठी समजते, बोलते मात्र हिंदी. कलकत्त्याचे काही लोक या बँडच्या आठवणी जमवून पुस्तक काढत आहेत, असे तिला कळले. तिने फोन तिवईवर उभा केला.

"आजोबा, बोलिए. नाम के साथ छपेगा. बूट वगैरह कैसे थे?"

"बूट!" नीलकंठरावांनी डोळे मिटले. "चांदीच्या टाचा. गिटारवाल्याने अशी टाच आपटली, की स्टेजची फळी तडकली."

चांदीच्या टाचा बँडच्या तबकडीच्या वेष्टनावर आहेत. मार्तंडरावांकडे ती तबकडी आहे.

"खिडकीची काच फुटली होती," विद्याधर म्हणाले.

"दोन काचा," मार्तंडरावांनी दुरुस्ती केली.

मी खाली पडून ऐकत होते. ज्यांच्या पायांची धूळसुद्धा त्या दिवशी माझ्यावर पडली नाही, ते माझ्याच अंगावर बसून माझा इतिहास सांगत होते.

अनुसूया पोहे घेऊन आली. वसुंधरा सहज म्हणाली, "आजी, तुम भी कुछ बोलो ना."

"तिला काय विचारतेस?" नीलकंठराव हसले. "भजनांपलीकडे गाणे असते, हे तिला ठाऊक तरी आहे का?"

हे नसते बोलले, तर आणखी वीस वर्षे निभावले असते. पण आता पुस्तक निघणार होते. आता एकदा जे छापले जाईल ते कायमचे, आणि त्यात ती कोठेही नसणार होती. अनुसूयेने बशा खाली ठेवल्या. त्या बैठकीत आजवर ती कधी बसली नव्हती. ती माझ्या मधोमध येऊन बसली.

"बूट नव्हते," ती म्हणाली. "चौघेही अनवाणी वाजवत होते."

मार्तंडराव दचकले. "वहिनी, तुम्हांला हे कोणी सांगितले?"

"सांगायला कोण हवे? काढायला मीच लावले." आणि तिने सारे सांगितले, भिंतीशी लावलेले बूट, मोज्यातला अंगठा, ड्रमवाल्याचे पॅडल. "आणि काच एकही फुटली नाही. लाकडी झडपा होत्या."

वसुंधरेने फोन आजीकडे वळवला. मग हळूच विचारले, "आजोबा, आप कहाँ थे?"

अनुसूयेने नवऱ्याकडे पाहिले. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"समथरला," नीलकंठराव म्हणाले. त्यांचे तळवे माझ्यावर घट्ट दाबले गेले. "कावीळ होती. मामाने अंगणातसुद्धा जाऊ दिले नाही."

विद्याधरांना घरी पाण्याची मोटार सुरू राहिल्याचे आठवले. मार्तंडराव म्हणाले, "मी बाहेर होतो. म्हणजे, आवाज येत होता." आणि तेही उठले. पुरुषांच्या मैत्रीची लांबी पावलांत मोजण्याइतकी तरी असते, असा माझा समज होता.

नीलकंठराव मात्र उठले नाहीत. मी वाट पाहत होते, की आता चिडतील, पोहे खारट म्हणतील, नातीला फोन बंद करायला लावतील. त्यांच्याविषयी माझे मत चांगले नव्हते आणि अजूनही फारसे सुधारलेले नाही. पण ते तिच्याकडे सरकले.

"अनुसूये," ते म्हणाले, "मग त्यांनी पहिल्यांदा काय वाजवले गं?"

ती सांगू लागली. पोहे गार झाले. दुपारचे जेवण टळले. त्यांनी एकदाही "मला माहीत आहे" म्हटले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला वर्षातून दोनदा ऊन दाखवा, घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि आत कडुनिंबाचा पाला घाला. एवढ्याने आम्ही शंभर वर्षे टिकतो. माणसे तेवढी टिकत नाहीत. म्हणून घरात जे माणूस बशा आणून ठेवते आणि आत निघून जाते, त्याला हात धरून बसवा, विचारा, आणि ते बोलू लागले की तुम्ही तोंड मिटा. नीलकंठराव हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिकले. तुम्हांला एवढा उशीर करण्याची परवानगी नाही.