गुलाबी पाचवी

शाळेला सरकारी अनुदान मिळालं की भल्याभल्यांना कंठ फुटतो. गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसे आलेत, असं मोठ्या बाईंनी जाहीर केलं आणि शिक्षकांच्या खोलीत बाजार भरला. विज्ञानाच्या बाईंना सूक्ष्मदर्शक हवा होता, संगणकाच्या सरांना अर्थातच संगणक. खेळाच्या सरांना काहीही चालणार होतं, फक्त ते गोल आणि हवा भरण्याजोगं असावं. मी पाचवीची वर्गशिक्षिका. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी बोलायला उभी राहिले की लोक आधी आपला चहाचा कप बाजूला घेतात.

"वॉशिंग मशीन घ्या," मी म्हणाले.

संगणकाचे सर खो-खो हसले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मात्र हसल्या नाहीत. त्यांना भिंगरी माहीत होती.

भिंगरी माझ्या वर्गातली. एका जागी स्थिर उभी राहिलेली मी तिला कधी पाहिलं नाही, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलेलं. डोकं असं की गणित फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवेपर्यंत हिचं उत्तर तयार. पण आठवड्यातले निम्मे दिवस बाईसाहेब गायब! आई बिस्किटांच्या कारखान्यात. नळाला पाणी यायचं ते नेमकं आईच्या कामाच्या वेळी, आणि पोरीकडे गणवेशाचा शर्ट एकच. तो मळला की शेजारच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी भिंगरीचा बाक रिकामा.

मी तिच्या आईला कारखान्याच्या फाटकातच गाठलं होतं. ती माझ्याहून वरचढ निघाली.

"मदत नको असं कोण म्हणतंय, बाई? पण माझ्या थोरलीला मागच्या वर्षी स्टेजवर बोलावून दप्तर दिलं. गरजू विद्यार्थिनी म्हणून माइकवर नाव पुकारलं. तेव्हापासून ती शाळेचं नाव काढत नाही. हिला तसं कुठे पुढे उभं केलंत, तर हिलाही घरी बसवीन. आधीच सांगून ठेवते."

मी आले तशी परत फिरले. मी न भांडता परत फिरणं ही आमच्या शाळेत बातमी असते.

हे सगळं मी मोठ्या बाईंना सांगितलेलं होतं. त्यांनी मशीन घेतलं, खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं आणि एकच नियम केला. कोणाचे कपडे धुवायचे हे विचारायचंच नाही, सगळ्यांचे धुवायचे. ज्या वर्गाचा खेळाचा तास, त्या वर्गाने शाळेच्या जुन्या जर्सी घालायच्या आणि आपले शर्ट टोपलीत टाकायचे. पोरं मैदानात धुडगूस घालून परत येईपर्यंत शर्ट धुऊन, पिळून, मागच्या तारेवर. कॉलरला आतून हजेरीचा नंबर शिवलेला, त्यामुळे भांडणाचं कारण नाही. कपड्याच्या दुकानवाल्या शेठचा मुलगाही माझ्याच वर्गात. त्याचाही शर्ट त्याच टोपलीत, भिंगरीच्या शर्टाला मिठी मारून.

भिंगरी रोज येऊ लागली. मागच्या खिडकीजवळून ती हळूहळू पुढे सरकली आणि एक दिवस माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसली. मी तिला काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी मी कोणावरच ओरडले नाही म्हणे.

सुख टोचायला लागलं की सरकारी गाडी येते. मशीन घेऊन झालं होतं, पण साबण, वीज आणि दुरुस्ती अनुदानाच्या पुढच्या हप्त्यावर चालणार होती. हप्ता हवा तर तपासणीचे साहेब येणार, मशीनशेजारी लाभार्थी मुलांना उभं करणार आणि त्यांचा फोटो काढून नेणार. गरीब मुलांसाठी आलेल्या पैशाचा फायदा गरिबांनाच झाला, याचा तो पुरावा.

"त्यात काय एवढं? कोणाचीही मुलं उभी करू," मी म्हणाले.

"खोटं बोलायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या खरंच कधी खोटं बोलत नाहीत. कधी कधी त्यामुळे त्यांच्याबरोबर काम करणं फार अवघड जातं.

"आणि भिंगरी? तिला उभं केलं तर उद्यापासून तिचं दर्शन नाही!"

त्यांनी पुढचा कागद ओढून वाचायला घेतला. मी खोलीतून बाहेर पडताना दार जरा जोरात लागलं, वारा असावा.

साहेब शुक्रवारी येणार होते. म्हणजे ते गुरुवारी आले. गुरुवार हा पाचवीच्या खेळाचा वार, आणि त्याच सकाळी खेळाच्या सरांना एक सुंदर कल्पना सुचली होती. धावण्याच्या शर्यतीचे नवे कापडी लाल पट्टे पहिल्याच शर्यतीत मळले होते. जाता जाता तेवढे मशीनमध्ये टाकले तर कोणाचं काय बिघडणार? बिघडलं ते एवढंच, की मशीनमधून निघालेला एकही शर्ट पांढरा राहिला नव्हता.

"सर!" मी एवढंच ओरडले. बाकीचं मी मनात म्हटलं, कारण समोर मुलं होती.

"पुढच्या धुण्यात जाईल हो," सर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पार खाली गेला होता.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. जर्सी सहावीला द्यायच्या होत्या, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. अर्धवट ओले शर्ट अंगात चढवून अख्खी पाचवी रांगेत उभी राहिली, नखशिखांत नाही तरी कमरेपर्यंत गुलाबी. पोरं तर अशी खूश, जणू आपण मुद्दामच रंगवून घेतलेत.

साहेब हसतमुख होते, पण घाईत. बरोबर कॅमेरावाला.

"गणवेश गुलाबी आहे तुमचा?" त्यांनी विचारलं.

"आज आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बरं. यातले लाभार्थी कोणते?"

"सगळेच. इथे सगळ्यांचेच कपडे धुतो."

"तसं नाही हो. गरीब कोण?"

"ते आम्ही मुलांना उभं करून सांगत नाही, साहेब. यादी मी माझ्या सहीने वर पाठवली आहे."

"मला फोटोत पाच-सहा गरीब मुलं लागतात, बाई. त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही."

"मग तुम्हीच निवडा," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या.

मी भिंगरीच्या पायांकडे पाहिलं. शर्ट गुलाबी झाला म्हणून चपला कुठे लपतात? भिंगरीच्या चपलेला तारेने टाका मारलेला होता आणि ती पहिल्याच ओळीत उभी होती. तिला माझ्या पाठीमागे ओढावं असं फार वाटलं, पण तसं केलं असतं तर साहेबांची नजर आधी तिच्यावरच गेली असती.

साहेब सावकाश निवडत निघाले. शेठचा मुलगा त्यांना लगेच सापडला. त्याचा खिसा फाटलेला, मोजे घोट्यावर लोळत होते आणि नाक वाहत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! साहेबांनी कळवळून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग खेळाच्या सरांची मुलगी. मैदानात लोळून तिच्या केसांचं घरटं झालेलं. सर काही बोलायला गेले, मी त्यांच्या पायावर पाय दिला. आणखी तीनचार चेहरे उचलून साहेब भिंगरीसमोर थांबले.

भिंगरी चक्क स्थिर उभी होती. केस घट्ट बांधलेले, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हनुवटी वर. साहेबांनी तिला वरपासून पाहिलं. खाली चपलेपर्यंत त्यांची नजर पोहोचलीच नाही.

"तू जरा बाजूला हो, बाळ," ते प्रेमाने म्हणाले. "तू घरची बरी दिसतेस. गरजू मुलांना पुढे येऊ दे."

भिंगरी माझ्याकडे आली आणि तिने माझा हात पकडला. तिचा हात गरम होता. मी खाली पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि पाचवीसमोर रडणं मला परवडणारं नाही.

"तयार?" कॅमेरावाल्याने विचारलं.

"थांबा!" भिंगरी ओरडली. हात सोडवून ती धावत फोटोतल्या मुलांकडे गेली. शेठच्या मुलाचं वरचं बटण लावलं, मोजे वर ओढायला लावले, सरांच्या मुलीचे केस कानामागे सारले. "सरळ उभे राहा रे. फोटो सरकारकडे जाणार आहे, आपल्या वर्गाची लाज जाईल!" एवढं बजावून ती पुन्हा बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून देखरेख करू लागली.

साहेबांना हसू आवरेना. "चुणचुणीत आहे मुलगी. कोणाची हो?"

"आमच्या पाचवीची," मी म्हणाले. मग ठासून पुढचं सांगितलं. "रोज येते."