धोंडबाची टायरची वहाण

वाडीच्या ट्रकवाल्यांनी टाकून दिलेल्या टायराच्या वहाणा धोंडबाने करून घेतल्या, ते बहात्तरचं साल. वजनाला अशा, की धोंडबा आधी पोचायचा आणि वहाणा मागून यायच्या.

मे महिना होता. बायजाबाईने नवऱ्याला बजावलं होतं, की पऱ्हाट्या जाळायच्या तर उन्हं चढायच्या आत जाळा; गोठा जवळ आहे, आत गाभण गाय बांधलेली आहे. धोंडबाने मान डोलावली आणि भरदुपारी, जेवून, वावरात रचलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांना आग लावली.

जाळ उभा राहिला, तोच काटोलच्या अंगाने वावटळ आली. तिने धुराभोवती एक फेरी घातली, दुसरी घातली आणि जाळच कवेत उचलला. ताडाएवढा आगीचा खांब घुमत निघाला. विहिरीवरून गेला, तर पाणी म्हणे हातभर खाली उतरलं.

खांब गोठ्याला बगल देऊन निघून चालला होता. ते धोंडबालाही दिसत होतं. पण वावटळीत भूत असतं आणि वहाण फेकून मारली की ते पळतं, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. हात वहाणेकडे गेला.

"अवो, फेकू नका. जाऊन राहिलं ना, जाऊ द्या त्याले," बायजाबाई म्हणाली.

"भूत हाय वं त्याच्यात."

वहाण सुटली. खांबाने ती गरगर फिरवली आणि पेटलेलं रबर गोठ्याच्या गवती छपरावर थुंकलं. धोंडबाने घागर ओतली, तर ते ओघळून आणखी खाली पसरलं. आत गाय हिसके देत होती, तशी दाव्याची गाठ आवळत होती. बायजाबाई विळा घेऊन शिरली. मागे छपराचा एक कोपरा खाली बसला. धोंडबा एका पायात वहाण घालून उभा.

मग धुरातून गाय आली, आणि तिची शेपटी धरून बायजाबाई. केस अर्धे जळालेले, हात फोडांनी भरलेला.

गोठा गेला, वर्षाचा कडबा गेला. वासरू मात्र धडधाकट झालं. त्याचा रंग धुराचा होता आणि ते शिंकलं की ठिणगी पडायची, असं धोंडबा शपथेवर सांगायचा. पुढे कधी वावटळ दिसली, की बायजाबाई वण पडलेला हात नुसता पुढे करायची, आणि धोंडबा मुकाट्याने वहाणा काढून तिच्या हाती द्यायचा.