एका इस्त्रीचा सूड

मी एक जुनी इस्त्री आहे. कोळशाची. माझे पोट लोखंडाचे, मूठ लाकडाची आणि झाकणाच्या खिटीवर एक पितळी कोंबडा आहे. कोंबड्याचा तुरा तुटलेला आहे. तो कुणामुळे तुटला हे मी कधी विसरले नाही, विसरणारही नाही. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा शांत, समजूतदार असतात असे म्हणतात. मी तशी नाही. जन्मभर पोटात निखारे बाळगले आहेत, माझ्याकडून थंडाव्याची अपेक्षा करू नका.

एका ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. तिथून मी भंगाराच्या दुकानात कशी गेले ते सांगण्यासारखे नाही. भंगारातून मला आजोबांनी उचलले. तेव्हा ते आजोबा नव्हते, वीस वर्षांचे बेकार तरुण होते. त्याच दिवशी एका कारखान्यात ते नोकरी मागायला गेले होते आणि दारावरच्या माणसाने त्यांचा चुरगळलेला शर्ट पाहून म्हटले होते, "आधी कपडे घालायला शिक, मग कामाचं बघू." आजोबा खाली मान घालून परतले. वाटेत मी दिसले. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक टेबल मांडले आणि लोकांचे कपडे इस्त्री करू लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम केला. ज्याला कुणापुढे उभे राहायचे आहे, मग ती मुलाखत असो, परीक्षा असो, नाहीतर कोर्ट असो, त्याचे कपडे सगळ्यांच्या आधी आणि फुकट. गिऱ्हाइकाने फक्त येऊन सांगायचे. आजोबा विचारायचे, "कुणापुढे उभं राहायचंय?" आणि उत्तर ऐकून माझ्यात निखारे भरायचे. मला हवेत झुलवून फुलवायचे, ओल्या फडक्यावर चालवून बघायचे, मग आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. चाळीस वर्षांत एका कापडाला डाग लागला नाही. मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

आजोबांच्या मागून त्यांचा मुलगा टेबलाशी उभा राहिला. त्याची घडी इतकी नेटकी की लोक त्याला घडीमास्तर म्हणू लागले. मास्तरांनी वडिलांच्या नियमाला शेपूट जोडले. इस्पितळातून बरे होऊन घरी निघालेल्या माणसाचेही कपडे फुकट. "आजारपण कपड्यांवर दिसता कामा नये," असे ते म्हणत. पुढे त्यांच्या लेकीने त्यात आणखी भर घातली. दर रविवारी ती मला पिशवीत घालून वृद्धाश्रमात नेते आणि तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे कपडे इस्त्री करते. भेटायला कुणी येवो न येवो. अशी ही माणसे. चांगुलपणाचा त्यांना पिढीजात आजारच आहे म्हणा ना.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळे सांगते आहे, त्याच्याकडे वळते.

मास्तरांच्या काळात एक उंच, किडकिडीत तरुण टेबलाशी आला. त्याला अतिक्रमण हटवणाऱ्या खात्यात मुलाखतीला जायचे होते. शर्ट एकच होता, तोही अंगावरचा. मास्तरांनी त्याला स्वतःचा टॉवेल गुंडाळायला दिला, टेबलामागे बसवले आणि मी त्याचा शर्ट असा काही केला की तो आरशात बघतच राहिला. नोकरी लागली. पेढे सोडाच, साधे सांगायलाही तो आला नाही. मास्तर म्हणाले, "कामात असेल."

बारा वर्षांनी तो आला. साहेब होऊन, ट्रक घेऊन, हातात यादी घेऊन. आमचे टेबल यादीत होते. मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्या मुलाखतीचा शर्ट याच टेबलावर झाला होता. चार दिवस द्या, जागा बघतो."

साहेबाने यादीवरून नजर उचलली नाही. "मला असलं काही आठवत नाही. बाजूला व्हा."

लेकीच्या देखत टेबल ट्रकमध्ये फेकले. मी गटारात पडले आणि कोंबड्याचा तुरा तुटला. मास्तरांनी मला बाहेर काढले, सदऱ्याने पुसले, पण ते स्वतः त्या दिवसापासून पुसल्यासारखेच झाले. दारोदार गाठोडी वाहत त्यांनी दोन वर्षे काढली आणि एका सकाळी उठलेच नाहीत. मित्रांनो, मला दात नाहीत, नाहीतर मी दातओठ खाल्ले असते. मी मनाशी ठरवले की हा माणूस कधीतरी माझ्याखाली येईल. त्याचे कापड येईल. आणि त्या दिवशी मी कुणाच्या बापाचे ऐकणार नाही.

लेकीने एका इमारतीच्या जिन्याखाली छोटीशी जागा घेतली. विजेची इस्त्री आणली. ती गुळगुळीत, वायरवाली बया टेबलावर मिरवू लागली आणि मला दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवले. रविवार सोडला तर माझा उपयोग तेवढाच. येणारेजाणारे मला ठेचकाळत. वीज गेली की मात्र माझे सुगीचे दिवस. त्या बयेला गप्प पडलेली बघून मला जो आनंद होई तो सभ्य शब्दांत सांगता येणार नाही.

काल पहाटेपासून वीज गेली होती. आठच्या सुमारास एक माणूस जिन्याखाली वाकून आत आला. उंच, पण पाठीत बाक आलेला. हातात पिशवी, पिशवीत पांढरा शर्ट.

"सगळीकडे फिरलो. कुठंच वीज नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे कोळशाची आहे म्हणतात."

"कुणापुढे उभं राहायचंय?" लेकीने सवयीने विचारले.

"चौकशी समितीपुढं. दहा वाजता. नोकरीचा प्रश्न आहे."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. निखारे उचलणारा तिचा चिमटा मधेच थांबला. मीही ओळखले. माझे गार लोखंड निखाऱ्यांच्या आधीच तापले. मला वाटले, आता ती म्हणेल, मला असलं काही आठवत नाही, बाजूला व्हा. पण तिने एक मोठा श्वास घेतला आणि निखारे माझ्या पोटात भरले. नियम तो नियम.

कॉलर झाली. बाह्या झाल्या. मी वाट बघत होते. आणि छातीवरच्या खिशापाशी मी एक ठिणगी सोडली. कोळसा दमट होता, तडतडला, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला माझे ठाऊक. पांढऱ्याशुभ्र कापडावर नखाएवढे भोक पडले आणि त्याची कड तपकिरी होत गेली. इतक्या वर्षांत मी एवढी सुखावले नव्हते.

"हे काय केलंस!" तो ओरडला. "मुद्दाम केलंस ना? बापाचा सूड घेतलास!"

ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आठवतंय."

जिन्यावरून वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावून सगळे ऐकत होत्या. त्यांनी टाळी वाजवली. "बरं झालं! जशास तसं!"

"बरं नाही झालं, काकू," लेक म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती त्या भोकावरून बोट फिरवत होती. "आजोबांपासून आजवर आमच्या हातून एक कापड जळलं नव्हतं."

माझा सारा आनंद तिथेच विझला. सूड उगवायला गेले साहेबावर आणि चटका बसला माझ्याच घराला.

तिने घड्याळाकडे पाहिले, मागची पत्र्याची पेटी उघडली आणि एक फिकट निळा शर्ट काढून टेबलावर पसरला. ते कापड अंगाखाली येताच मी ओळखले. टेबल गेल्यावर मास्तरांनी हा शर्ट लागोपाठ तीन सकाळी इस्त्री केला होता आणि तो घालून ते या साहेबाच्या कचेरीत गेले होते. टेबल परत मागायला. तिन्ही दिवस दहा ते पाच बाकावर बसून राहिले. साहेब समोरून आला, समोरून गेला. घरी लेक विचारायची, "भेटले का?" मास्तर म्हणायचे, "उद्या भेटतील." तिसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाची घडी घालून पेटीत ठेवली आणि पुन्हा कधी काढली नाही.

"बाबांचा आहे," ती साहेबाला म्हणाली. "तुम्हाला भेटायला यायचे तेव्हा घालायचे. तुम्हाला होईल."

मित्रांनो, माझ्या पोटात तेव्हाही दमट कोळसे होते. मनात आणले असते तर दुसरी ठिणगीही उडाली असती. पण मास्तरांच्या शर्टाला मी डाग लावू? मी लोण्यातून फिरावे तशी फिरले. त्याने तो शर्ट घातला, बटणे लावताना दोनदा चुकला आणि निघून गेला. दुपारी तिने त्याच्या जळक्या शर्टाला रफू केले.

संध्याकाळी दिवे आल्यावर तो परत आला. पायरीवर बसला.

"भेटले का?" तिने विचारले. तोंडून गेल्यावर तिला स्वतःलाच ते कसेसे वाटले असावे, कारण ती लगेच पाणी आणायला वळली.

"दिवसभर बाहेर बाकावर बसवलं," तो म्हणाला. "कुणी मान वर करून पाहिलं नाही. उद्या या म्हणाले."

हे ऐकून मी हसले. खोटे कशाला बोलू? मनसोक्त हसले. आता तरी ती काहीतरी बोलेल, एक तरी शब्द टोचून बोलेल, म्हणून मी कान टवकारले. तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला आणि रफू केलेला शर्ट ठेवला.

"अंगावरचा काढून द्या. आत्ता धुतला तर सकाळपर्यंत वाळेल. सातला या."

"अगं, मला शिव्या तरी दे," तो म्हणाला.

"शर्ट ओला राहील. आधी काढा."

तो बटणांवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. मी आयुष्यात पुष्कळांना चटके दिले आहेत, पण एवढा पोळलेला माणूस मी पाहिला नव्हता. आणि तिने तर त्याला बोटही लावले नव्हते.

म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यासारखे होऊ नका. घरात जुनी इस्त्री असेल तर तिला उंबऱ्याशी टाकू नका, तिच्या पोटातली राख वरचेवर काढत चला. राख साठलेली इस्त्री कुणाचे कापड कधी जाळेल याचा नेम नसतो.

काल मात्र तो गेल्यावर लेकीने मला उचलले. वीज आली होती, वायरवाली बया समोर सज्ज होती, तरी मला उचलले. माझी राख झटकली, तळ फडक्याने पुसला, उद्याचे कोळसे वाळत टाकले. मग इकडेतिकडे कुणी नाही असे बघून माझ्या कोंबड्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "उद्या नीट वाग हं."

म्हणजे तिला सगळे ठाऊक होते.

आता सात वाजत आले आहेत. तो येईलच. मी त्याला माफ केलेले नाही, करणारही नाही. पण नीट वागेन. शर्ट आमच्या माणसाचा आहे.