लहर कुणाला ओळखते?

संध्याकाळ झाली की पाण्याच्या टाकीखाली मुंगीला शिरायला जागा उरत नसे. टाकी शाळेच्या मागच्या अंगाला. तिच्या पायथ्याशी जुनं, बंद पडलेलं पंपघर आणि त्याच्या ओट्यावर लहरीबाबा. आजारी तान्हं डॉक्टरला दाखवायला आणावं तसे लोक फोन दोन्ही हातांत धरून रांगेत उभे राहत. बाबा फोन घेत, पांढऱ्या उपरण्याखाली धरत, डोळे मिटून ओठ हलवत आणि परत देत. सकाळपर्यंत जो फोन नुसता दगड होता, त्यात परदेशी गेलेला मुलगा हसताना दिसे. म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत. कुणी बाबांच्या पायांवर डोकं ठेवी.

"आकाशात लहर आहे, पाण्यात लहर आहे, तुमच्या डोक्यातही लहर आहे," बाबा सांगत. "मी फक्त गाठ मारून देतो. गाठ बसली की जन्माची."

ही जन्माची गाठ वीज गेली की सुटत असे. त्यालाही बाबांकडे उत्तर होतं. लहरींनाही विसावा लागतो म्हणे, तुम्ही नाही का झोपत. लोक माना डोलवत.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. वीज आणि लहर नेमक्या एकाच वेळी कशा झोपतात, असं मी एकदा भर गर्दीत विचारलं. बाबा नुसते हसले. उत्तर दिलं माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईने. ती म्हणाली, "बाई, तुमच्या शाळेत तर मोफत इंटरनेटची पाटी लावूनही ते येत नाही." पाटीचं खरं होतं.

सरकारने योजना जाहीर केली होती: प्रत्येक वस्तीतल्या शाळेत आणि दवाखान्यात इंटरनेट येणार, आणि आजूबाजूच्या लोकांनाही ते फुकट वापरता येणार. रस्ता खणून तार आली. शाळेच्या दारासमोरच्या खांबावर तिचं वेटोळं टांगलं गेलं. भिंतीवर 'येथे मोफत इंटरनेट' अशी निळी पाटी लागली, तिच्याखाली एक रिकामी लोखंडी चौकट. ठेकेदाराची माणसं सांगून गेली की आता वरून चालू होईल. ते काही झालं नाही. मी वरच्या कार्यालयात विचारणा केली, पुन्हा केली. दर वेळी एकच उत्तर आलं, की आपल्या शाळेची जोडणी चालू आहे. मी ते कागदी घोडे समजले आणि नाद सोडला. तोवर मुलंही अभ्यासाचं निमित्त सांगून पंपघराच्या ओट्याखाली बसू लागली होती. माझ्या तासाला पेंगणारी पोरं तिथे डोळे तारवटून बसलेली पाहिली की माझ्या पोटात दुखे, हे मी कशाला लपवू.

पण पोटात दुखणारी मी एकटी नव्हते. बाबांनी नियमच असा काढला होता की वस्तीत कुणाला सुखाची झोप लागू नये. एका घरात एकच दीक्षा, म्हणजे एकाच फोनाला गाठ, आणि दीक्षा घेतलेला फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. बाप आणि लेक एकमेकांशी बोलेनासे झाले. ज्याला मिळालं तो ओट्यावर येऊन फोन मिरवी, ज्याला नाही तो रांगेत उभा राहून त्याच्याकडे बघे. आपल्याला मिळाल्यापेक्षा शेजारच्याला मिळालं नाही, याचाच आनंद मोठा. आणि या आनंदापायी दक्षिणेचं ताट रोज भरत होतं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दोघी जावा याच वस्तीतल्या. एकच घर, मध्ये पातळ फळ्यांची भिंत, आणि पुढची खोली सामाईक. तिथे दोघींची मशिनं समोरासमोर होती. थोरली कापायची, धाकटी शिवायची, काजं-बटणं दोघी मिळून करायच्या. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, परदेशात एका बंदरावर कामाला होते आणि एकाच खोलीत राहत होते. साधा फोन महागात जाई आणि आवाज तुटक येई, म्हणून आठवड्यातून एकदा बोलणं, तेही 'बरं आहे, बरं आहे' एवढंच.

दीक्षा धाकटीला मिळाली. ती आधी रांगेत उभी राहिली, एवढंच कारण.

सुरुवातीला धाकटीने मन मोठं ठेवलं. रोज संध्याकाळी हाक मारायची, "ताई, या लवकर, भाऊजी आलेत." थोरली पदराला हात पुसत धावायची. पण फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही हा नियम. तेव्हा फोन धाकटी धरणार, आणि तिच्या हातातल्या काचेत बघून थोरलीने आपल्या नवऱ्याशी बोलायचं. दुसऱ्या बाईच्या हाताकडे तोंड करून बायको नवऱ्याला काय विचारणार? जेवलात का. खोकला गेला का. मग ती गप्प होई, तोही गप्प होई, आणि धाकटीच काहीतरी बोलून वेळ भरून काढी.

एकदा थोरली आपल्या बाजूला चुलीपाशी होती. फळ्यांपलीकडून तिला हसू ऐकू आलं. पोटभर, मोकळं. ते तिच्या नवऱ्याचं होतं. धाकटीने बटणाच्या जागी चुकून काज केलेल्या सदऱ्याची गंमत सांगितली होती, तेवढंच. पण तो सदरा थोरलीने कापला होता, आणि इतक्या वर्षांत तो तिच्यापाशी तसा कधी हसला नव्हता. मला हे तिनेच पुढे सांगितलं. म्हणाली, "बाई, चूल पेटलेली होती, पण मला वाटलं जाळ माझ्याच अंगातून येतोय."

त्यानंतर ती पलीकडे गेली नाही. हाक आली की कामात आहे म्हणे. तिने आपलं मशीन भिंतीकडे तोंड करून फिरवून घेतलं. गणवेश आता दोघींचे वेगळे होऊ लागले. मला ते बाह्या जोडलेल्या पाहून कळे, दोन हातांच्या दोन तऱ्हा.

शेवटी तिने बाबांचे पाय धरले. मला वेगळी दीक्षा द्या, घर एक असलं तरी चुली दोन आहेत. बाबांनी तिचा फोन उपरण्याखाली घेतला, बराच वेळ ठेवला आणि तसाच परत दिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, तुझ्या पोटात मत्सर आहे. मत्सराच्या घरात लहर टिकत नाही."

गर्दीत धाकटीही होती.

या वाक्याने थोरली पार खचली, कारण ते खरं होतं. मत्सर तिच्या पोटात होताच. आपल्या हेव्यामुळेच नवऱ्याचं तोंड दिसत नाही, असं तिने मनाशी धरलं. ती उपास करू लागली, बाबांचा ओटा झाडू लागली, मनातून धाकटीचं भलं चिंतू लागली. आणि जितकं भलं चिंतावं तितकं फळ्यांपलीकडचं बोलणं तिला जास्तच स्पष्ट ऐकू येई. भोंदूची सगळ्यात मोठी लबाडी हीच असते. तो आपल्या अंगातला खरा दोष शोधतो आणि स्वतःच्या खोट्याचं खापर त्यावर फोडतो.

एके दिवशी धाकटी न्हाणीत होती आणि तिचा फोन सामाईक खोलीत पडला होता. थोरलीने तो उचलला. आपला नवरा तिला काय काय लिहितो ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. कुणी बघू नये म्हणून ती फोन घेऊन आपल्या चुलीपाशी गेली. तेवढ्यात तो वाजला. बोट लागलं आणि समोर दीर, त्याच्यामागे खाटेवर बसून बूट काढणारा तिचा नवरा. दीर गोंधळून म्हणाला, "वहिनी? तुम्ही?" तिने घाबरून फोन बंद केला.

पण मग ती तिथेच उभी राहिली. ही तिची चूल. मत्सराचं घर ते हेच, आणि त्या क्षणी तर मत्सर गळ्यापर्यंत आलेला. मग लहर आत आलीच कशी? तिने आपला फोन धाकटीच्या फळीवर, तिच्या पुण्यवान कोपऱ्यात नेऊन ठेवला. काही नाही. पुन्हा धाकटीचा फोन आपल्याकडे आणला. लहर हजर.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत ती माझ्यापाशी आली. गणवेशाचं गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, लहर माणसाला ओळखते की फोनाला?"

मी इतकी वर्षं मुलांना प्रयोग म्हणजे काय ते शिकवते. एक गोष्ट तशीच ठेवायची, दुसरी बदलायची आणि काय होतं ते बघायचं. हिने हेव्यापोटी नेमकं तेच केलं होतं. मी बाबांवर चिडत बसले होते, आणि हा साधा प्रयोग मला सुचला नव्हता.

आता धाकटीचा फोन उघडून बघायला हवा होता. पण फोनच्या आतल्या सेटिंगमध्ये डोकावलं तर गाठ सुटेल, असा बाबांचा दम होता. आम्ही दोघी गेलो तेव्हा धाकटीने फोन छातीशी धरला. म्हणाली, तुम्हाला माझं सुख बघवत नाही, म्हणून हे सगळं.

थोरली शांतपणे म्हणाली, "हेवा वाटतो मला, नाही कशाला म्हणू. पण तुझं जावं म्हणून मी आले नाही. माझं का येत नाही, ते मला कळायला हवं."

धाकटीने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं, जसं काही मी आता तो फोडणारच आहे.

मी सेटिंग उघडली. फोन ज्या जाळ्याला जोडला होता त्याचं नाव समोर आलं: 'जोडणी सर्वांना – शाळा'. सरकारी योजनेचंच नाव. बाबांनी त्यावर फक्त एक करामत केली होती. जाळ्याचं नाव इतर फोनांना दिसू नये अशी सोय इंटरनेट पसरवणाऱ्या यंत्रातच असते, ती त्यांनी लावून ठेवली होती. नाव माहीत असेल त्यालाच ते टंकून जोडता येई. उपरण्याखाली चालायचं ते एवढंच: नाव टंकायचं आणि परवलीचा शब्द टंकायचा. एकदा जोडलेला फोन पुढे आपणच लक्षात ठेवतो. यालाच बाबा जन्माची गाठ म्हणत.

आणि परवलीचा शब्द? तोही फोनात वाचता आला. एकापासून आठपर्यंतचे आकडे, ओळीने. ज्या गुरुमंत्रासाठी अख्खी वस्ती ताटकळत होती, तो पहिलीतली पोरं रोज ओरडून म्हणत होती.

मी ते थोरलीच्या फोनात टंकलं. फोन जोडला गेला. उपास नाही, दीक्षा नाही, आणि पोटात होता तो मत्सर जसाच्या तसा.

त्या संध्याकाळी ओट्यासमोर थोरलीने सगळ्यांसमोर नवऱ्याला फोन लावला. त्याचा चेहरा दिसताच गर्दीत कुजबूज झाली. बाबा मात्र कच्चे नव्हते. हात वर करून म्हणाले, आजच सकाळी मी हिला क्षमा केली. लोकांनी लगेच हात जोडले.

तेव्हा मी शाळेचा फळा बाहेर आणवला, त्यावर जाळ्याचं नाव लिहिलं, आकडे लिहिले, आणि म्हटलं, बाबांनी क्षमा केलेली असो वा नसो, ज्याने त्याने आपापल्या फोनात हे टंकून बघा. एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळीकडे किणकिण सुरू झाली. रांग आपोआप मोडली. बाबा उठून पंपघरात गेले आणि थोड्याच वेळात सगळे फोन एकदम गप्प झाले. कुणीतरी कोप झाला असं म्हणणार, एवढ्यात थोरली पुढे झाली आणि तिने दार ढकललं. आत बाबा उभे होते, एक हात भिंतीवरच्या बटणावर. शेजारी एक पांढरी पेटी, तिच्यातून वर टाकीवरच्या, लहर दूरवर पसरवणाऱ्या दांड्याकडे गेलेली तार, आणि पेटीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं: 'शाळेसाठी'.

बाबा म्हणजे ठेकेदाराकडे खांबावर चढणारा एक मजूर. पेटी शाळेत बसवायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. ती त्याने खांबावरच्या वेटोळ्यातली तार मागे ओढून तात्पुरती पंपघरात लावून पाहिली, तेव्हा एका म्हातारीचा फोन त्याने चालू करून दिला. ती त्याच्या पाया पडली. तिथून त्याला खाली उतरता आलं नाही, असं तो चौकशीत म्हणाला. मला ते खोटं वाटलं नाही. पण पाया पडणाऱ्यांचं ताट त्याने रोज रिकामं करून घेतलं, हेही खोटं नाही.

वरच्या कार्यालयातून एक अधिकारी आले. पेटी बघून चक्रावले. त्यांच्या पडद्यावर आमच्या शाळेपुढे कायम हिरवा दिवा दिसत होता. पेटी चालू आहे का, एवढंच योजना विचारत होती. ती कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, मुलाला तिचा उपयोग होतो का, हे विचारायला तिच्यात जागाच नव्हती. त्या एका हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून कार्यालय गाफील राहिलं, आणि वस्ती एका उपरण्यावर विश्वास ठेवून. दोघांनीही आत डोकावून बघितलं नाही.

आता पेटी शाळेत आहे. थोरली संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर बसते आणि नवऱ्याशी बोलते. पहिल्या दिवशी ती बराच वेळ नुसती रडली, मग त्याला म्हणाली, "मला हसून दाखवा." धाकटी जवळून गेली तेव्हा थोरलीने फोन छातीकडे वळवून धरला. मी ते पाहिलं. मशिनं अजून समोरासमोर आलेली नाहीत. येतील की नाही, ते मला माहीत नाही.

मत्सर काही मंत्राने जात नाही, आणि प्रयोगानेही जात नाही. तो माणसाचा आहे, असू द्या. पण शेजारच्याला मिळालं आणि मला का नाही, हा प्रश्न पडला की त्याचं उत्तर आपल्या पापात शोधायला कुणी सांगू लागला, तर त्याचं ऐकू नका. तुमचं मन शुद्ध आहे की नाही, याच्याशी तारेला काही देणंघेणं नसतं. ती कुठून येते, कुठे जाते, बटण कुणाच्या हातात आहे, हे विचारा. बाबाला विचारा, ठेकेदाराला विचारा, सरकारलाही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कुणापुढेही हात जोडू नका.