नेपोलियनला कोण थांबवणार

सिडनीच्या क्वेकर्स हिलमधल्या चंद्रहासने नेपोलियन बसवायला घेतला तो स्वतःच्या गॅरेजमध्ये. लेखक तोच, दिग्दर्शक तोच आणि नेपोलियनही तोच. मंडळाच्या गणपतीतलं नाटक त्याने करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडायची हिंमतही कुणी केली नव्हती. "मावळे सगळेच करतात, यंदा आपण युरोप हलवू," असं तो म्हणाला आणि माना डोलल्या. डोलणारच. जागा त्याची, चहा त्याच्या घरचा, आणि आवाज असा की शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून डोकावून विचारायचा, "ऑल गुड, मेट?"

नाटकात बेटावर कैदेत पडलेला बादशहा आपण का हरलो ते सांगतो. रशियातला बर्फ, स्पेनची डोकेदुखी, इंग्रजांचं आरमार, सरदारांची फितुरी. एकेका कारणाला एकेक पान. शेवटचं स्वगत तर इतकं लांब, की तेवढ्यात कुकर लावून वरणभात वाढून झाला असता. चंद्रहासला त्यातला शब्दन् शब्द प्यारा होता.

अपूर्व या नाटकात कोलेंकूर होता. रशियाच्या दरबारात राहून आलेला हा वकील बादशहाला बजावतो, "तिकडे जाऊ नका सरकार, तिथली थंडी माणूस ठेवत नाही." क्लेटनच्या विद्यापीठात शिकून सिडनीत आलेला हा मुलगा बोलायला सरळ. दुसऱ्याच तालमीत त्याने स्वगत मध्येच तोडलं. "दादा, खूप लांब होतंय. समोरच्या अर्ध्या पोरांना मराठी धड कळत नाही. बोअर होऊन बाहेर पळतील."

"मला मध्येच थांबवणारा नट मी ठेवत नाही," चंद्रहास म्हणाला. एक घाव दोन तुकडे. अपूर्व गेला, त्याच्याबरोबर कोलेंकूरचा प्रवेशही गेला. एका वकिलावाचून नेपोलियनचं काय अडणार होतं?

त्यानंतर सगळं कसं सुरळीत झालं. स्वगत संपलं की सगळे म्हणायचे, "छान झालं, दादा." विनीता, त्याची बायको, प्रॉम्प्टिंगला बसायची. ती तेवढी काही म्हणायची नाही, मुकाट्याने कप गोळा करायची. हळूहळू तालमीला माणसं कमी व्हायला लागली. गणपती तोंडावर आलेले, हॉल बुक झालेला, आणि एका शनिवारी तर एकही जण येईना. जोसेफिन झालेल्या अस्मिताला शिफ्ट, सरदार झालेल्या यतिनला पेनरिथला काम. "नेक्स्ट टाइम नक्की, दादा. नो वरीज ना?"

"कामाची माणसं आहेत, चालायचंच," असं म्हणत चंद्रहास रविवारच्या तालमीसाठी जिलबी आणायला हॅरिस पार्कला गेला. मिठाईच्या दुकानात तो काउंटरपाशी उभा होता, तोच खांबामागच्या टेबलावरून त्याच्याच स्वगतातलं वाक्य त्याच्या कानावर पडलं. आवाज यतिनचा. आणि टेबलाभोवती सगळी फौज, अस्मितासुद्धा. मधोमध अपूर्व!

"नीट ऐका," यतिन सांगत होता. "दादा स्वगत सुरू करतील. तिसरं वाक्य झालं की इंग्रज पहारेकरी घुसणार, दोघांनी दंड धरायचे आणि उचलून विंगेत. खाली लगेच टाळ्या. भर स्टेजवर दादा काय बोलणार?"

"अरे, हे बरं दिसतं का?" अपूर्व म्हणाला. "आधी सांगू या ना त्यांना."

"कोण सांगणार?" अस्मिता म्हणाली. "तू सांगितलंस. काय झालं तुझं?"

यावर सगळे हसले. चंद्रहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना स्टेजवर उभं राहायला शिकवलं, तेच आपल्याला उचलून नेणार! पुढे होऊन एकेकाची सालटी काढावी, असं त्याला वाटलं. फितुरीचं ते पान त्याला तोंडपाठ होतं, शब्द शोधायचीही गरज नव्हती. पण तोंड उघडता उघडता त्याला दुसरंच पान आठवलं, स्वतःच्या हाताने कापलेलं. बादशहाला आधी सांगणारा एक माणूस होता, आणि पाडाव झाल्याची इतकी कारणं लिहिताना आपण नेमकं त्यालाच नाटकातून काढलं. हे मात्र त्याला फार लागलं.

जिलबीचा खोका त्याने त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सगळे ताडकन उठले. यतिनच्या हातातला समोसा हातातच राहिला.

"अपूर्व, कोलेंकूर अजून पाठ आहे?"

"आहे, दादा."

"मग उद्या ये. आणि पहारेकरी नकोत मला. तूच थांबव."

रविवारी गॅरेजमध्ये कोलेंकूरने बादशहाला रशियाच्या थंडीबद्दल बजावलं, बादशहाने त्याला हसून घालवलं, आणि शेवटी बेटावरचं स्वगत सुरू झालं. एक वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. कुणी हलेना. यतिन बुटाकडे बघत बसला होता. चंद्रहास पुढे बोलतच राहिला, आवाज चढायला लागला.

"थांबा, सरकार," मागून अपूर्व म्हणाला.

चंद्रहासचा चेहरा लाल झाला. सवयच ती, एका दिवसात कशी जाईल? विनीताने वहीतून मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो हळूच स्टुलावर बसला.

"तू आधीच सांगितलं होतंस," तो अपूर्वला म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

विनीताने वहीत बोट ठेवलं. "अजून बरंच आहे. पुढचं वाक्य देऊ?"

"नको. इथेच पडदा."

या खेपेला कुणीही छान झालं म्हणालं नाही. अस्मिता डोळे पुसत होती. यतिन घसा खाकरत पुढे आला.

"दादा, एक सांगू? टोपी फार पुढे येते. शेवटच्या वाक्याला तुमचा चेहराच दिसत नाही."

चंद्रहासने टोपी मागे सारली. "आता?"

"अजून थोडी."

त्याने ती अजून थोडी मागे घेतली.